डेमो रात्री पावणेबाराला ठेवा : सॉफ्टवेअर निवड समितीला खुले पत्र

माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

संस्थेसाठी ऑनलाइन शिक्षणाचं नवं व्यासपीठ आणि नवं विद्यार्थी पोर्टल घ्यायचं चाललं आहे, त्यासाठी तुम्ही तुलनेचा तक्ता केला आहे, हे आम्हाला उशिरा का होईना कळलं. तक्ता पाहायलाही मिळाला. डावीकडे सुविधा, वर कंपन्या, मधल्या चौकटींत बरोबरच्या खुणा. चाचणी घेता येते? येते. मोबाइल अ‍ॅप? आहे. हजेरी, फी, निकाल, सूचना? आहे, आहे, आहे, आहे. वाचता वाचता मला आमच्या तोंडी परीक्षेची आठवण झाली. तिथेही सगळ्यांना जवळजवळ सारखेच गुण पडतात.

अशा तक्त्यात कोणी नापास होत नाही, म्हणून त्यावरून निवडही होत नाही. मग किंमत पाहिली जाते आणि पुढची काही वर्षं आम्ही निस्तरत बसतो. माझी विनंती एवढीच: सुविधा आहे की नाही हे विचारणं पुरे झालं. डेडलाइनच्या आधीच्या दहा मिनिटांत ती सुविधा कशी वागते आणि एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्यात जाताना तिचं काय होतं, या दोन जागी प्रत्येकाला पारखून घ्या. मी संगणक विभागाची नाही, तिसऱ्या वर्षाची साधी विद्यार्थिनी आहे. पण ही सॉफ्टवेअरं वापरण्यात माझा हात तुमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त बसलेला आहे.

आधी तक्त्यातला एक गोंधळ. त्यात मूडल, कॅनव्हास, गूगल क्लासरूम, कोर्सेरा आणि दोन-तीन पोर्टलवाल्या कंपन्या एकाच रांगेत बसवल्या आहेत. मूडल, कॅनव्हास, गूगल क्लासरूम ही शिक्षणाची व्यासपीठं. असं व्यासपीठ म्हणजे वर्ग: तिथे नोट्स, असाइनमेंट, चाचण्या, शिक्षकांचे शेरे. पोर्टल म्हणजे ऑफिसची खिडकी: तिथे विषयनोंदणी, फी, परीक्षा अर्ज, निकाल, दाखले. बॅनर किंवा पीपलसॉफ्टसारख्या प्रणाली या खिडकीमागचं दप्तर सांभाळतात. कोर्सेरा आणि एडएक्स तिसऱ्याच जातीचे. 2012 साली दोन्ही सुरू झाले. पहिलं स्टॅनफर्डच्या अँड्र्यू एंग आणि डॅफनी कोलर या दोन प्राध्यापकांनी, दुसरं एमआयटी आणि हार्वर्डने मिळून. तिथे जगातला कुणीही येतो, जमेल तेव्हा शिकतो; कोर्सेरावर तारीख हुकली तर विद्यार्थी स्वतःच बटण दाबून तारखा पुढे ढकलतो. आमच्या परीक्षा विभागाला ही कल्पना सांगून बघा. ते जोडीला चांगले आहेत, वर्गाची जागा घेणारे नाहीत. कोर्सेराला या तक्त्यातून काढा, म्हणजे तक्ता हलका होईल.

आता उंबरठ्याबद्दल, म्हणजे माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाते त्या जागेबद्दल. दुसऱ्या वर्षी मी ऐच्छिक विषय बदलला. पोर्टलवर त्याच दिवशी नवा विषय दिसला, पावती आली, मी निश्चिंत. शिक्षणाच्या व्यासपीठावर मात्र तो कोर्स उघडेना. तिथे म्हणाले, ‘रात्री एकदा यादी येते, उद्या दिसेल.’ उद्या दिसला नाही, परवाही नाही. पोर्टलवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले, ‘आमच्याकडे तुमची नोंद आहे, हे बघा.’ व्यासपीठवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले, ‘आमच्याकडे नाव आलेलंच नाही, हे बघा.’ दोघंही खरं बोलत होते. अकराव्या दिवशी एका कारकून ताईंच्या लक्षात आलं की पोर्टलमध्ये माझा जुना ईमेल आहे, व्यासपीठावर नवा, आणि दोन याद्या जुळवताना ईमेल हीच खूण धरली जाते. ईमेल जुळत नाही, मग यंत्र ती ओळ गुपचूप गाळतं. कुणाला कळवत नाही. या अकरा दिवसांत एक चाचणी येऊन गेली.

तुमच्या तक्त्यात या जागेसाठी एकच ओळ आहे, ‘इंटिग्रेशन’, आणि तिच्यापुढे सगळ्यांना बरोबरची खूण. त्या एका ओळीच्या जागी मला निदान चार प्रश्न हवे आहेत. विद्यार्थी दोन्हीकडे कोणत्या क्रमांकाने ओळखला जातो? (कायम राहणारा नोंदणी क्रमांक असावा; ईमेल, नाव, मोबाइल या बदलणाऱ्या गोष्टी आहेत.) यादी रात्री एकदा जाते की बदल झाला की लगेच? एखादी ओळ जुळली नाही तर ती कुणाच्या डोळ्यांसमोर येते? आणि गुण उलट दिशेने, व्यासपीठावरून पोर्टलमध्ये, कसे जातात. आपोआप की कुणीतरी एक्सेलमध्ये उतरवून?

या प्रश्नांवर विक्रेते गोड हसतात. त्यांना थांबवून प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. एका काल्पनिक विद्यार्थ्याचा विषय पोर्टलवर बदला, घड्याळ लावा, व्यासपीठावर तो कधी दिसतो ते बघा. मग त्याचा ईमेल बदला आणि पुन्हा बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जातं.

बाहेरची साधनं व्यासपीठाला जोडण्यासाठी एलटीआय नावाचं मानक आहे. कोडिंगच्या सरावाचं एखादं साधन कोर्सच्या पानातच उघडतं, पुन्हा लॉगिन मागत नाही आणि गुण परत पाठवतं, ते याच्या जोरावर. त्याची 1.3 ही आवृत्ती 2019 सालची. आधीच्या आवृत्त्यांपेक्षा तिची सुरक्षा पक्की आहे. मूडल, कॅनव्हास आणि ब्राइटस्पेस हे आणखी एक व्यासपीठ, या सगळ्यांना ती येते. ‘आम्हालाही येते’ असं एखादी पोर्टल कंपनी म्हणाली तर आवृत्तीचा आकडा विचारा. आकडा ऐकायला जितका वेळ लागेल त्यावरून उत्तराचा अंदाज येईल.

आता रात्री पावणेबारा. डेडलाइन बाराची.

लेखी उत्तर थेट पडद्यावरच्या चौकटीत टाइप करायचं होतं. मी पाऊणएक तास टाइप करत होते. ‘सबमिट’ दाबलं आणि समोर लॉगिनचं पान आलं. पुन्हा लॉगिन केलं तर चौकट कोरी. सेशन, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन टिकण्याचा काळ, मधेच संपलं होतं आणि पानाने हूं की चूं केलं नव्हतं. पीएचपी भाषेत लिहिलेल्या वेबसाइटींना सेशन टिकण्याची मुदत मुळात 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं, ठरवून दिलेली असते. बनवणाऱ्याने ती बदलली नाही तर तेवढीच राहते. आमच्या बाबतीत तेच कारण होतं की दुसरं काही, ते मला कुणी सांगितलं नाही. पण यावर उपाय जगाला माहीत आहे. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जे नियम केले आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात ते, त्यांत 2008 पासून लिहिलेलं आहे: मुदत संपण्याआधी माणसाला सांगा आणि एखादं साधं बटण दाबून ती वाढवायला निदान 20 सेकंद द्या. फक्त वीस सेकंद मागताहेत हो.

म्हणून डेमोत उत्तर अर्धवट टाइप करा आणि चहाला जा. अर्ध्या तासाने परत येऊन ‘सबमिट’ दाबा. मजकूर शाबूत असेल तर पुढे बोलायला हरकत नाही.

वेळ संपल्यावर काय होतं, हाही असाच प्रश्न. मूडलच्या चाचणीत शिक्षकांपुढे तीन पर्याय असतात. वेळ संपली की जेवढं लिहिलं तेवढं आपोआप जमा होतं. किंवा थोडा वाढीव वेळ मिळतो, ज्यात नवं उत्तर लिहिता येत नाही पण जमा करता येतं. किंवा वेळेआधी बटण दाबलं नाही तर सगळं वाया. तिसरा पर्याय चुकून निवडला गेला तर विद्यार्थी शून्यावर बाद, आणि पडद्यावर सगळं अगदी नेहमीसारखं दिसत राहतं. असाइनमेंटमध्येही एक ‘मसुदा’ नावाची अवस्था शिक्षक चालू करू शकतात. फाइल चढली तरी आणखी एक बटण दाबेपर्यंत ती जमा होत नाही. पहिल्या वर्षाची पोरं फाइल चढलेली बघतात आणि झोपी जातात.

मूडलमध्ये मुदतीच्या तारखाही दोन असतात. एक नेमलेली तारीख, जिच्यानंतर दिलेलं काम उशिराचं म्हणून दाखवतात, आणि दुसरी दार बंद होण्याची. कॅनव्हासमध्येही अशा दोन तारखा आहेत, नावं वेगळी. गूगल क्लासरूमची गंमत निराळी. वेळेत दिलेलं काम तुम्ही एखादी चूक दुरुस्त करायला मागे घेतलंत आणि मुदत टळल्यावर परत दिलंत, तर ते ‘उशिरा’ म्हणून नोंदलं जातं. आधी वेळेवर दिलं होतं हे गणतीत धरत नाही. नियम म्हणून चूक म्हणता येणार नाही, पण तो विद्यार्थ्याला आधी ठाऊक हवा.

या सगळ्यात आम्हाला हवी असते ती पोच. जुन्या काळी ऑफिसात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून मिळायचा, तशी. फाइलचं नाव, आकार, सर्व्हरच्या घड्याळातली वेळ, हे सगळं ईमेलवर. काम जमा झाल्याची पोच मूडल पाठवू शकतं, फक्त ती सोय चालू ठेवलेली असावी लागते. कॅनव्हासमध्ये वेळेवर सबमिट केलं की पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडतात. मला आधी तो पोरकटपणा वाटला होता. आता वाटतं, निदान काम पोचलं हे तरी कळतं.

नावानिशी मत विचाराल तर सांगते.

मूडल हे 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन दुजियामास यांनी आणलं. ते एका विद्यापीठात वेबसीटी हे तेव्हाचं व्यापारी सॉफ्टवेअर सांभाळत होते. त्याला वैतागलेल्या माणसाने लिहिलेलं आहे, हे त्यात जागोजागी जाणवतं. मुक्त परवान्याखाली आहे, परवान्याचा पैसा लागत नाही, हवं ते जोडता येतं. म्हणून ते फुकट पडतं, असं मात्र समजू नका. सर्व्हर, सुधारित आवृत्त्या, बॅकअप आणि हे सगळं जाणणारा निदान एक पूर्णवेळ माणूस, यांचा खर्च येतोच. तो माणूस नसेल तर मूडल म्हणजे अडगळीची खोली होते. त्याच्या मोबाइल अ‍ॅपचं एक मोठं सुख आहे: कोर्स फोनवर उतरवून घेता येतो, आणि शिक्षकांनी मुभा दिली असेल तर चाचणीही नेट नसताना सोडवून नंतर पाठवता येते. ज्यांच्याकडे नेट येत-जात असतं त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल.

कॅनव्हास 2011 पासून आहे. वापरायला सर्वांत सरळ, शिक्षकांना तपासायला सोपं, त्यामुळे शेरे लवकर मिळतात. त्यातली मला भावलेली सोय म्हणजे गुणांच्या पानावर ‘समजा इथे इतके पडले तर’ असा आकडा टाकून एकूण किती होतील ते पाहता येतं. आम्ही हा हिशोब नाहीतरी वहीच्या मागच्या पानावर करतच असतो. दुसरी बाजूही सांगते. 20 ऑक्टोबर 2025 रोजी अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली तेव्हा तिच्यावर उभं असलेलं कॅनव्हासही बसलं. दोष त्यांचा म्हणा किंवा नका म्हणू, त्या दिवशी ज्यांची डेडलाइन होती त्यांचं काय, याचं उत्तर सॉफ्टवेअर देत नाही. ते संस्थेच्या नियमांत हवं: सर्व्हर बंद तर मुदत आपोआप इतके तास पुढे. प्रत्येक वेळी वर्गप्रतिनिधीने शिक्षकांच्या हातापाया पडायचं, हा काही नियम झाला नाही.

गूगल क्लासरूम (2014) लहान वर्गाला छान. शिक्षक अर्ध्या तासात शिकतात, प्रत्येक विद्यार्थ्याला एका कागदाची स्वतंत्र प्रत देता येते. पण मोठ्या संस्थेचं गुणांकन, तुकड्या, फेरपरीक्षा यांचा पसारा त्याला झेपत नाही, आणि त्याने तसा दावाही केलेला नाही.

आणि मग पोर्टलसोबत ‘फुकट’ मिळणारं शिक्षण-व्यासपीठ. तुमच्या तक्त्यात सर्वांत स्वस्त तेच दिसतं, म्हणून मला त्याचीच धास्ती आहे. आतापर्यंत मी जे पाहिलं त्यात या नावाखाली फाइल टाकायचं एक पान आणि फाइल उतरवायचं दुसरं पान असतं. शेऱ्याला जागा नाही, पहिल्या प्रयत्नाची प्रत राहत नाही, चर्चा नाही. खिडकीवाल्याने वर्ग चालवायला घेतला की असंच होणार. दोन चांगली सॉफ्टवेअरं नीट जोडलेली परवडली.

पोर्टलकडून आमच्या अपेक्षा फार नाहीत. फीचं उदाहरण घ्या. पैसे खात्यातून जातात, पोर्टलवर मात्र ‘बाकी’ दिसत राहतं. याचं कारण बहुतेकदा साधं असतं: बँकेच्या पानावरून पोर्टलकडे परत येताना ‘पैसे मिळाले’ हा निरोप आमच्या फोनच्या ब्राउझरमार्फत जातो. तेवढ्यात नेट गेलं की निरोप हरवला. चांगली प्रणाली तो निरोप बँकेच्या सर्व्हरकडून आपल्या सर्व्हरला थेटही घेते, शिवाय दिवसाअखेर दोन्हीकडचा हिशोब जुळवते. डेमोत पैसे भरल्याक्षणी फोनचं नेट बंद करा. दहा मिनिटांनी दुसऱ्या संगणकावर बघा, पावती आली का.

वेळापत्रकाचंही तसंच. असाइनमेंटच्या तारखा मूडल आणि कॅनव्हास दोघंही आयकॅलेंडर या जुन्या, सर्वमान्य पद्धतीने बाहेर देतात, त्यामुळे त्या फोनच्या कॅलेंडरमध्ये आपसूक दिसतात. परीक्षेच्या तारखा मात्र पोर्टलमध्ये, त्याही बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, तिरक्या. स्कॅन म्हणजे चित्र. अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात एक अक्षरही सापडत नाही. ही सॉफ्टवेअरची चूक नाही, आपली आहे, पण पोर्टलने तारखा तारखा म्हणून भरायला लावल्या तर ती होणारच नाही.

पासवर्डबद्दल थोडक्यात. दर तीन महिन्यांनी बदला, पेस्ट करू नका, असे जाच पोर्टलवाले सुरक्षेच्या नावाखाली करतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने 2017 मध्येच उलट सांगून ठेवलं आहे: कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका आणि पेस्ट करू द्या. दोन्ही सॉफ्टवेअरांना एकच लॉगिन असलं की निम्मी कटकट संपते.

एका गोष्टीवर मात्र थोडं थांबा. डिसेंबर 2024 मध्ये पॉवरस्कूल या शाळांच्या माहिती-प्रणालीत चोर शिरले. कुठलं भन्नाट तंत्र वापरलं नव्हतं; मदत विभागाच्या पोर्टलचं चोरलेलं लॉगिन पुरलं. अनेक ठिकाणी शिकून केव्हाच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची माहितीही गेली, कारण ती कुणी काढूनच टाकली नव्हती. तेव्हा कंपनीला विचारा: आम्ही इथून गेल्यावर आमचा पत्ता, आजारपणाचे दाखले, पालकांचा फोन हे किती वर्षं ठेवता? गुणपत्रक कायम ठेवा, ते हवंच. बाकीचं कशाला?

कंपन्यांचं आयुष्यही पाहा. वेबसीटी ब्लॅकबोर्डने 2006 मध्ये गिळलं. ब्लॅकबोर्ड 2021 मध्ये अँथॉलॉजीत विलीन झालं. एडएक्स त्याच वर्षी 80 कोटी डॉलरला टूयू कंपनीला विकलं गेलं, आणि त्या कंपनीने 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅनव्हासची मालक कंपनी इन्स्ट्रक्चर 2024 मध्ये केकेआर या गुंतवणूकदारांनी घेतली. यातलं कुठलंही उद्या बंद पडेल असं मी म्हणत नाही. पण करारावर सही करण्याआधी सगळे कोर्स, गुण आणि विद्यार्थ्यांची कामं बाहेर काढून दाखवायला सांगा, आणि ती दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. घरात शिरताना मागचं दार कुठे आहे ते पाहून ठेवावं.

शेवटची मागणी. डेमोच्या खोलीत मोठा पडदा, वेगवान नेट आणि कंपनीचा नवाकोरा लॅपटॉप असतो. तिथे आम्हा दोघातिघांना बसू द्या. एकाचा फोन चार वर्षांचा आहे, पडद्याला तडा गेलेला, साठवणुकीत जागा जवळपास संपलेली. अ‍ॅप त्यावर उतरतं का ते आधी पाहू. एक मैत्रीण स्क्रीन रीडर वापरते; तिला कोर्समध्ये शिरून एक असाइनमेंट जमा करायला सांगा आणि मधे कुणी मदत करू नका. तिसरी मी. मला फक्त विषय बदलायचा आहे.

डेमोची तारीख पोर्टलच्या सूचनाफलकावर शोधली. तिथली शेवटची सूचना गेल्या सत्रातली आहे, त्यामुळे तारीख वर्गाच्या दारावर चिकटवलीत तरी चालेल.

आपली विश्वासू,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी